वाचलेली पेन्शन सीमेवर पोचत नाही

माझा एक शाळूसोबती आहे, गिरगावात एका बाकावर बसायचो, आता ठाण्यात असतो. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हापासून त्याने एक टुमणं लावलंय, की देशावर अशी वेळ असताना मास्तरलोकांनी जुनी पेन्शन (निवृत्तीनंतर सरकारने दरमहा ठरलेली रक्कम द्यायची ती) मागायची म्हणजे लाज सोडल्यासारखं आहे, तो पैसा जवानांना जाऊ दे, शाळा काय नंतरही सुधारता येतील. फोनवर दुसरं काहीही काढा, मुलाची अ‍ॅडमिशन, मेट्रो, पाऊस, गाडी वळून तिथेच येते. आणि त्याला चांगलं माहितीये की माझी आई गिरगावातल्याच एका अनुदानित शाळेत बाई होती, बोरिवलीहून चर्नी रोडपर्यंत लोकलने, उभ्याने.

पहिली गोष्ट, पैसा असा जातच नाही. संरक्षण केंद्राचं, आणि महाराष्ट्रातल्या मास्तरचा पगार-पेन्शन राज्याच्या तिजोरीतून. उद्या मंत्रालयाने सगळ्यांची पेन्शन बंद केली तरी वाचलेला रुपया काय विमानाच्या इंधनात जाणारे? तो कुठे जाईल ते निवडणुकीच्या वर्षी बघावं. बरं, २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी हा जो आकडा तो मला ऐकवतो, त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनचेच आहेत. असू देत, असलेच पाहिजेत. वन रँक वन पेन्शनसाठी (हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी) माजी सैनिक २०१५ साली जंतरमंतरवर बसले तेव्हा हा त्यांच्या बाजूने होता, मीसुद्धा. म्हणजे याचा राग पेन्शनवर नाहीच, मास्तरवर आहे. (अग्निवीरांना पेन्शन नाही, तो विषय काढला की नेमकं याचं नेटवर्क जातं.)

मी लंडनमधल्या हॅरोत राहतो. इथेही सध्या युद्धाचीच हवा आहे, रशिया, ड्रोन, रोज बातम्यांत तेच. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान स्टार्मरनी जाहीर केलं की २०२७ पासून संरक्षणावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करायचे, आणि त्यासाठी कात्री लावली परदेशी मदतीला, ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण शिक्षकांची पेन्शन सैन्याला द्या असं तेव्हा मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकामागे त्याच्या पगाराच्या २८.६८ टक्के इतकी रक्कम शाळा पेन्शनसाठी भरते. शिक्षकाच्या पगारातूनही कापतात, हो, ते मी मित्राला जरा हळू आवाजात सांगतो. आणि २०२३ मध्ये छताचं काँक्रीट धोकादायक निघालं म्हणून इथल्या शंभरावर शाळांचे वर्ग ऐन सुट्टीच्या शेवटी बंद केले होते, ते मात्र सांगतच नाही. मुलीच्या शाळेत पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, केक सेलला दर टर्मला उभं राहतो तेव्हा कळतं की पैसा इथेही कमीच आहे, पण त्याचं खापर निवृत्त झालेल्या बाईंच्या डोक्यावर फोडायचं कुणाच्या मनात येत नाही.

इथला इतिहास तर त्याला आणखी झोंबतो. शिक्षकांना देशभर सरकारी पेन्शन देणारा कायदा इंग्रजांनी केला १९१८ साली, फ्रान्समध्ये खंदकांत पोरं मरत होती त्याच वर्षी, आणि चौदा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची करणारा फिशरचा कायदाही तेव्हाचाच. आणि कापाकापी केली कधी, तर १९२२ मध्ये, गेडिस कमिटीच्या काटकसरीत शिक्षकांच्या पगारातून पाच टक्के पेन्शनसाठी कापायला लागले. युद्धाच्या वर्षी दिलं, शांततेत कापलं! १९४४ च्या ऑगस्टमध्ये लंडनवर हिटलरचे उडते बॉम्ब पडत होते आणि पार्लमेंटने सगळ्यांना माध्यमिक शिक्षण फुकट करणारा बटलरचा कायदा पास केला. आता फार कौतुक नको, कारण त्याच १९४४ साली याच लोकांच्या सार्जंट साहेबांनी, हे भारत सरकारचे तेव्हाचे शिक्षण सल्लागार, आपल्यासाठी जो प्लॅन केला त्यात सगळी मुलं शाळेत यायला चाळीस वर्षं धरली होती. पुढे मुंबईचे तेव्हाचे मुख्यमंत्री, आपले बाळासाहेब खेर, यांच्या कमिटीने म्हटलं, एवढी कशाला, सोळा वर्षांत करू.

झालं नाही ते सोडा. पण मला कोठारी आठवतात. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं जो आयोग सांगून गेला त्याचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी हे संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार होते. आयोग नेमला १९६४ मध्ये, अहवाल दिला १९६६ मध्ये, मधे पाकिस्तानशी अख्खं युद्ध झालं. त्या माणसाला सैन्याला काय लागतं ते ठाण्यातल्या माझ्या मित्रापेक्षा थोडं जास्त कळत असणार. तरी आकडा सहाच ठेवला त्यांनी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच सहा लिहिलाय, आणि अजून गाठायचाच आहे.

माझी चुलत वहिनी शिक्षिका आहे, लागली २००५ च्या नोव्हेंबरनंतर, म्हणजे जुनी पेन्शन नाही. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, तेव्हाचं मानधन म्हणजे रिक्षा आणि पासात संपायचं. तिच्याच स्टाफरूममध्ये आधी लागलेल्या बाई आहेत, तेच तास, त्याच वह्या, तीच इलेक्शन ड्युटी, त्यांना पेन्शन आणि हिच्या वाट्याला लागली तेव्हा आलं शेअर बाजार काय देईल ते. त्याहून वाईट म्हणजे जे २००५ च्या आधी लागले पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. २०२३ च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संप झाला तेव्हा तर आपल्या सीमेवर युद्ध नव्हतं, तेव्हा मित्राचं म्हणणं होतं परीक्षांच्या दिवसांत कसला संप. म्हणजे शांततेत परीक्षा आडव्या, युद्धात सीमा आडवी. मागायचं कधी ते तरी सांग बाबा एकदा.

यावर त्याचं ठरलेलं उत्तर, तू पाउंडात कमावतोस, तुला काय जातंय बोलायला. खरं सांगायचं तर जातंय. मी इथे निवांत राहू शकतो ते आईच्या पेन्शनमुळे. तिने कधी माझ्याकडे पैसे मागितले नाहीत, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशी, सगळं तिच्या पेन्शनमधून, मी पाठवलेले पैसे ती एफडीत टाकते आणि वर कौतुकाने व्याज सांगते. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायला बँकेत स्वतः जाते. मुलाने करायचं ते राज्य सरकार करतं आणि मी हॅरोत बसून शिक्षणधोरणावर बोलतो. पेन्शन नसती तर मी परत गेलो असतो का? माहीत नाही, आणि तो प्रश्न मला पडू दिला नाही हेसुद्धा त्या पेन्शनचंच काम.

आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते), तिकडे मत नाही. माझा टॅक्स जातो तो इथल्या शिक्षकांच्या पेन्शनला, आणि माझ्या आईच्या पेन्शनला जातो तो या मित्राचा. हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाहीये, आलं की मला फोन ठेवावा लागेल. तोपर्यंत त्याने एवढंच करावं, चिडायचं तर खुशाल चिडावं, पण राज्याचा खर्च केंद्राच्या खात्यात मांडून चिडू नये.