‘नाना’ लिहिलं की संपलं?

कळव्यापासून ऐरोलीपर्यंत माजी सैनिकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मेडिकल बोर्डाने “नाना” लिहिलं की डिसॅबिलिटी पेन्शन विसरा. पीस स्टेशनला झालेला आजार धरत नाहीत, पूर्ण नोकरी करून आलेल्याला मिळत नाही, सहा महिने उलटले की अपीलही नाही.’ खाली जोडलेले हात.

‘नाना’ म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही, हा लष्करी डॉक्टरांच्या बोर्डाचा शेरा. ‘पीस स्टेशन’ म्हणजे सीमेपासून दूर, शांततेतली नेमणूक. तो शेरा शेवटचा शब्द असता तर लष्कराच्या सिग्नल्सचे (संदेशवहन दलाचे) शिपाई धरमवीर सिंग २०१३मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले नसते. त्यांना फिट यायच्या. कोर्ट म्हणालं, भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरा. आजार नोकरीचा नाही हे सरकारने दाखवावं. भरतीच्या तपासणीत तो का सापडला नसता, याचं कारण बोर्डाने लिहायलाच हवं.

परवा ऐरोलीत एका हवालदारसाहेबांची ट्रंक उघडली. स्वेटरखाली पेन्शन नाकारल्याचं पत्र, त्याला टाचलेला बोर्डाचा कागद. बीपी, अपंगत्व तीस टक्के. कारण? ‘पीस स्टेशनला सुरुवात.’ बस्स. सेनादलांच्या वैद्यकीय सेवेच्या १९८३च्या नियमावलीत नियम ४२३ स्पष्ट सांगतो की कारण फील्डला (सीमेवर, कारवाईच्या भागात) घडलं की पीसला, याने फरक पडत नाही. (पीसला काय आराम असतो, ते तिथे राहिलेल्यालाच विचारा.)

पूर्ण नोकरीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टातलं राम अवतार प्रकरण, २०१४. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही अपंगत्वाची टक्केवारी वाढवून धरण्याचा लाभ मिळाला. तिसाचे पन्नास होतात. वीस टक्क्यांच्या खाली मात्र नियमात बसत नाही. आणि २१ सप्टेंबर २०२३पासून नवे नियम आहेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी हे गणित जसंच्या तसं लावू नये.

सहा महिन्यांची मुदत खरी आहे, पहिल्या अपिलाला आणि दुसऱ्यालाही. पण पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे आणि उशीर माफ करण्याचा अधिकार त्याला आहे. फक्त थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते, हे तरसेम सिंग प्रकरणात २००८मध्ये ठरलं. दहा वर्षं बसून राहिलात तर सात वर्षांचे पैसे जाऊ शकतात.

हवालदारसाहेबांनी भरतीच्या मेडिकलची प्रत मागणारा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने टाकलाय. पावती ट्रंकेत, त्याच पत्राला टाचून.