रामेनच्या दुकानातली घाई म्हणजे उद्धटपणा नव्हे

‘वाडगा रिकामा झाला की पाच मिनिटंही टेकू देत नाहीत, हा कोरडेपणा खटकला’ हे जपानमधल्या रामेनच्या, म्हणजे रस्सेदार नूडल्सच्या, दुकानांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी तोक्योत निशी-कासाईला राहते. आमच्या गल्लीतल्या रामेनच्या दुकानात जेमतेम आठ-दहा स्टुलं आहेत. दाराशी मशीनमधून कूपन काढायचं, पाणी आपलं आपण घ्यायचं, आत मालक आणि एक मदतनीस. हाडांचा रस्सा तासन्‌तास उकळत ठेवायचा, गॅस महाग, पीठ महाग, आणि तरीही किंमत हजार येनच्या वर नेली की गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती. ‘हजार येनची भिंत’ असंच म्हणतात तिला. एवढ्या भावात दुकान चालतं ते स्टूल पटापट रिकामं होतं म्हणून. बाहेर थंडीत रांगेत उभी असलेली माणसंही दिवसभर राबून आलेली असतात, त्यांचा विचार नको का करायला?

आणि रामेन रेंगाळत खायचं नसतंच. नूडल्स रश्शात फुगून लगदा होतात. फुकुओका शहरातल्या हाकाता भागाच्या बारीक नूडल्स तर इतक्या लवकर मऊ पडतात की तिथे आधी थोड्याच वाढतात आणि उरलेल्या रश्शात परत ताज्या घालून घेतात. त्याला काएदामा म्हणतात. कोरडेपणाचं म्हणाल तर उठताना वाडगा वरच्या फळीवर ठेवा, समोरची जागा पुसा आणि ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा. आतून खणखणीत आवाजात आभार येतात. गप्पांसाठी कॉफीची दुकानं आहेत की!