पालकांची चिठ्ठी असली तरी मारता येत नाही

पालकांनी लेखी संमती दिली तर शिक्षक मुलाला ‘बेताचा’ मार देऊ शकतात, असा एक मेसेज फिरतोय. हे चूक आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. त्यात पालकांच्या संमतीची सवलत कुठेच नाही. कलम मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. यातलं ‘मूल’ म्हणजे ६ ते १४ वर्षांचं. पण म्हणून नववी-दहावीच्या पोरांना मारायला मोकळीक मिळाली असं कुणी समजू नये. दिल्लीत तर शाळेच्या नियमांतच छडीची तरतूद होती, ती उच्च न्यायालयाने २००० साली रद्द केली.

मेसेजखाली ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ असं बरेच जण लिहितात. मीही खाल्लाय. पाढे चुकले की लाकडी पट्टी आडवी नाही, उभी धरून बोटांच्या पेरांवर बसायची. हिवाळ्यात सकाळी तर पेन धरवत नसे. सतराचा पाढा मला शिकवला तो आईने, चुलीपुढे बसवून, रोज म्हणवून घेत. पट्टीने एवढंच शिकवलं की उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही.

तेव्हा अशी चिठ्ठी कुणी मागितली तर सही करू नका, आणि मेसेज पुढे पाठवू नका.