‘जलाशय म्हणजे काही समुद्र नव्हे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीवरून, मासे धरणाऱ्यांत एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: ‘जलाशय म्हणजे काही समुद्र नव्हे. रुंद फिशिंग कयाक उलटत नाही. लाइफ जॅकेट सोबत ठेवा, वारा वाढला की काठ गाठा.’ नवख्या माणसाने हे खरं मानलं तर जिवावर बेतेल.

समुद्र नव्हे, कबूल. पण लाट किती उठणार हे ठरतं वाऱ्याच्या वेगावर, तो किती वेळ वाहिला त्यावर आणि उघड्या पाण्यावरून किती अंतर कापून आला त्यावर. लांबलचक जलाशयात वारा लांबीच्या दिशेने सुटला की पलीकडच्या टोकाला आखूड, उभ्या लाटा एकामागून एक येतात. कयाकला सावरायला उसंतच मिळत नाही.

‘वारा वाढला की काठ गाठा’ हे तर सगळ्यात घातक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यात निघालात तो काठ आडोशाचा असेल, तर तिथलं पाणी सपाट दिसतं. लाटा वाढतात पुढे, मधोमध. जाताना पाठवारा, म्हणून वल्हं हलकं लागतं. गळ टाकून बसलात की कयाक आणखी दूर वाहत जाते. परत वळल्यावर तोच वारा छातीवर येतो, आणि एरवी ताशी 5 किलोमीटरने जाणारा माणूस जागचा हलत नाही. म्हणून अंगात ताकद असताना, सुरुवातीलाच वाऱ्याच्या तोंडावर जावं. पाण्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की वारा साधारण ताशी 12 ते 19 किलोमीटर झालेला असतो. तेव्हाच वळा.

रुंद कयाक सपाट पाण्यात स्थिर असते, हे खरं. आडव्या लाटेत मात्र तिचा रुंद तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो. नांगराचा दोर मधोमध, बाजूला बांधलात तर कयाक लाटेला आडवी होते आणि दोर तिला खाली ओढतो. दोर टोकालाच हवा, आणि तो कापायला सुरी हाताशी.

लाइफ जॅकेट सोबत नव्हे, अंगात, पट्टे आवळून. उलटलेली रिकामी कयाक वारा पोहणाऱ्याच्या पुढे पळवून नेतो, आणि थंडगार पाण्यात पडल्याबरोबर श्वासावरचा ताबा सुटतो. त्या वेळी जॅकेट चढवणं जवळपास अशक्य.

वारा जिथे आदळतो त्या काठाला मासा लागतो, हे मात्र मलाही मान्य आहे. वाऱ्याने सूक्ष्म जीव तिकडे लोटले जातात, त्यांच्यामागे छोटे मासे आणि छोट्यांमागे मोठे. त्या काठाला चालत जा आणि जमिनीवरून गळ टाका. लाटा खडकावर फुटत असताना कयाक तिथे नेऊ नका.