मंगलाष्टकात चहा

रविवारच्या लग्नात बंड्यानं म्हटलेल्या चहाच्या मंगलाष्टकावरून कट्टा अजून तापलेलाच होता. नानांचा पारा सगळ्यात वर.

"पवित्र मंगलाष्टकाची टिंगल! हे विडंबनाचं खूळ इंग्रजांनी आणलं. आपल्यात नव्हतं."

"नाना, 'मत्तविलास' हे प्रहसन सातव्या शतकातलं आहे," शैलाताई म्हणाल्या. "दारूत झिंगलेला कापालिक, म्हणजे कवटीत भिक्षा मागणारा शैव साधू, त्याची कवटी पळवली कुत्र्यानं आणि आळ बौद्ध भिक्षूवर. लिहिणारा पल्लव राजा महेंद्रवर्मा. इंग्रज तेव्हा कुठे होते?"

"तो राजा होता. राजाला शोभतं."

याला काय बोलणार? ताई बंड्याकडे वळल्या. तो बिचारा लोक का हसले नाहीत, एवढंच विचारत होता.

"वृत्त चुकलं तुझं. मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा, उरलेल्या सातांत 'कुर्यात् सदा मंगलम्' चपखल बसतं. बारांच्या जागी तू काय कोंबलंस? 'आमच्या टपरीवर गरमागरम चहा'. मोज, १६ भरतात! चाल मोडली, अक्षता कधी टाकायच्या तेच कळेना. माणसं हसतील कशी? आता ऐक."

ताईंनी बाकावर बोटांनी ठेका धरला आणि अगदी भटजींच्या चालीत म्हटलं, "आल्याचा कडवा चहा उकळला, कुर्यात् सदा मंगलम्!"

टपरीवाल्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. पहिला हसला तो.

"वृत्त तेच, चाल तीच, वधूवरांच्या जागी फक्त चहा. भारदस्त साज, किरकोळ विषय. दुसरी तऱ्हा याच्या उलट, विषय थोर आणि भाषा रांगडी. तमाशातली गवळण बघा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना साक्षात कृष्ण अडवतो आणि मावशी त्याच्याशी हुज्जत घालते, नाक्यावरच्या पोराशी घालावी तशी. अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले'त रविकिरण मंडळाच्या कवींना विडंबनात पकडलं, ते त्यांच्या लकबी पक्क्या ठाऊक होत्या म्हणून."

"पण इंग्रज..." नाना.

"घ्या, इंग्रजांचंच घ्या. लंडन, १७२८, जॉन गेचा 'बेगर्स ऑपेरा'. इटालियन ऑपेरात देव आणि राजे गायचे, इथे चोर आणि वेश्या. ६९ गाणी, बहुतेकांच्या चाली लोकांच्या तोंडी रुळलेल्या. पण दरोडेखोर वाटमारीला निघतात ते कशावर? हेंडेलच्या 'रिनाल्दो' या ऑपेरातल्या रणवाद्याच्या चालीवर! ती चाल कानात असेल त्यालाच यातली गंमत. पुढे १९२८ साली बर्लिनला नाटककार ब्रेख्तनं तेच कथानक उचललं, संगीत कुर्ट वाइलचं. त्यावरून पुलंनी १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' केला. म्हणजे फिरून फिरून गाडी आपल्या गवळणीच्या दारात."

"गवळण-बिवळण आमच्या घरात चालत नाही."

"मग गणपतीत मावशी कोण झालं होतं, नाना?" बंड्यानं डाव साधला.

"ते भक्तीनं केलं होतं!"

"भक्तीनं? कासोटा सुटला तेव्हा अख्खी आळी 'वन्स मोअर' ओरडत होती!"

पुढची पाच मिनिटं कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही. नाना मात्र कोपऱ्यात तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत, बोटांची पेरं मोजत बसलेले. एकदम उसळून म्हणाले, "उकळलापर्यंत तेरा होतात, तेरा!"

"'आल्याचा'त चार मोजलीत, नाना. जोडाक्षर एकच धरायचं."

नानांनी पहिल्या पेरापासून पुन्हा सुरुवात केली.