मांजर अंथरुणात घेणाऱ्यांनी नायट्याकडेही बघा

मांजराला कुशीत घेऊन झोपण्याचे धोके सांगणारा एक लेख वाचला. त्यात सगळा भर दम्यावर आणि गर्भवतींवर दिलाय. नायट्याला जेमतेम एक ओळ. आमच्या खानापूर भागात पावसाळाभर वाकळा वाळत नाहीत, तिथं खरा त्रास त्याचाच.

गेल्या आषाढात पिल्लू धाकटीच्या कुशीत झोपायचं. त्याच्या कानामागचे केस रुपयाएवढे गेले होते. आम्हाला वाटलं, बोक्यानं ओरबाडलं असेल. पंधरवड्यात पोरीच्या मानेवर लाल कडं उठलं, कडेला खवले, मध्ये साफ. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, त्यात स्टेरॉइड होतं. खाज थांबली, पण नायटा गालापर्यंत गेला. कृपा करून असं कुणी करू नका. औषध डॉक्टरांना दाखवूनच घ्या, आणि मांजरावरही उपचार करा, नाहीतर परत परत होतं.

आणखी एक, मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर हळद भरून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजरामुळेही रेबीज होतो, हे आमच्या गल्लीत अजून पुष्कळांना पटत नाही.