पाटे आणि जाळी

‘पिकअप दहा वर्षं बिनघोर चालते’ असं या छोट्या मालवाहू गाड्यांवरच्या एका लेखात म्हटलंय. चालते हो, पण कोणत्या वजनावर? आमची सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल आणते, रोज दिवे घाट. कागदावर दीड टन, पण सीझनला कोण दीड टनावर थांबतं? त्यामुळे इंजिनाआधी मागचे पाटे (वजन पेलणाऱ्या कमानदार स्प्रिंगपट्ट्या) बसतात, मग क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर. पण ही दुखणी परवडतात. नाना पेठेत सुटे भाग मिळतात आणि आमचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत गाडी हातात देतो.

खरा घोळ एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांचा. सायलेन्सरच्या लाइनीत काजळी धरणारी जाळी (डीपीएफ) असते. ती काजळी आत जळून जायला गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. आमची गाडी हडपसरला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटते आणि यार्डात चालू ठेवूनच उभी! काजळी जळणार कधी? डॅशबोर्डवर जाळीचा दिवा लागला, ड्रायव्हरने चार दिवस दुर्लक्ष केलं, शेवटी गाडी घाटात ओढेचना. लॅपटॉप लावल्याशिवाय मिस्त्रीही हात लावत नाही. त्या एका बिलात जुन्या बीएस-4 गाडीचे दोन्ही बाजूंचे पाटे नवे झाले असते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनो, किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. गाडीखाली वाकून पाटे सरळ झालेत का आणि चासीला वेल्डिंग केलंय का, ते आधी बघा. आणि हो, आधीचा मालक वाळू-खडी वाहत होता की फुलं, हेही विचारा.